खरी प्रत कोणती?

आपल्याकडच्या मोठ्या देवळांत बहुधा देव दोन असतात. एक गाभाऱ्यातला, पाषाणाचा, जागचा न हलणारा. आणि दुसरा धातूचा, हलका, पालखीत बसून हिंडून येणारा. पहिली मूळमूर्ती आणि दुसरी उत्सवमूर्ती. सोमवती अमावास्येला जेजुरीचा खंडोबा कऱ्हेवर स्नानाला जातो, तेव्हा गडावरचा खंडोबा गडावरच असतो. आषाढीसाठी ज्ञानोबांची पालखी पंढरीच्या वाटेला लागते ती पादुका घेऊन. समाधी आळंदीतच राहते. आपल्या पूर्वजांना ह्यात काही विसंगती वाटली नाही. घरी कोणी राहायचे आणि प्रवासाला कोणी निघायचे ह्याची वाटणी त्यांनी एकदाच करून टाकली, आणि परतल्यावर कोणी कोणापुढे यायचे हेही ठरवून ठेवले. ही दुसरी गोष्ट अधिक शहाणपणाची, असे मला अलीकडे वाटू लागले आहे.

वाटू लागण्याचे कारण माझा पुतण्या. तो संगीत करतो. पूर्वी 'संगीत करतो' म्हटले की पेटी, तबला, दोन-चार वादक आणि चहाची किटली एवढे डोळ्यांपुढे येई. ह्याच्या खोलीत एक संगणक आहे, दोन कर्णे आहेत आणि भिंतीला जुन्या गोधड्या टांगलेल्या आहेत. आमचे कळंब समुद्राला इतके लागून, की गोधड्या नसत्या तर त्याच्या प्रत्येक गाण्यात लाटांनी तानपुरा धरला असता. लग्नाची गाणी, गणपतीची गाणी, नाटकांचे पार्श्वसंगीत असे काहीबाही तो तिथे रचतो. पण पोट घरात बसून भरत नाही. एका वाद्यवृंदाबरोबर तो वर्षातले निम्मे दिवस दौऱ्यावर असतो. आज सोलापूर, परवा नागपूर. म्हणून घरच्या संगणकाच्या जोडीला त्याने एक लॅपटॉप घेतला. घरी अर्धवट राहिलेले गाणे लॉजमध्ये पुढे न्यायचे आणि लॉजमध्ये सुचलेले घरी आणायचे. सरळ व्यवहार! परंतु ह्या सरळ व्यवहारात जो पेच निघाला तो मला कोणत्याही धर्मशास्त्राच्या पोथीत शोभला असता.

आधी त्या वस्तूविषयी थोडे सांगतो, कारण मला स्वतःलाही ते त्याने तीनदा सांगावे लागले. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. त्यानंतर शाळेत गेलो तो शिकवायलाच. माझी समजूत अशी होती, की गाणे संगणकात म्हणजे जसे लोणचे बरणीत. तसे नाही. तयार झालेले गाणे, जे तुम्हीआम्ही ऐकतो, ते खरोखर बरणीत असते. पण घडत असलेले गाणे ज्या फाइलमध्ये राहते, ज्याला ही मंडळी 'प्रोजेक्ट' म्हणतात, तिच्यात बहुधा आवाज नसतोच. तिच्यात असतात सूचना. अमुक ठिकाणचा ढोलकीचा तुकडा घे, तमुक क्षणी वाजव, त्यावर अमक्या यंत्राचा घुमारा चढव, इतका हळू कर. गृहिणीने सुनेसाठी चिठ्ठी लिहावी, 'फडताळातल्या दुसऱ्या डब्यातले मीठ, मागच्या पडवीतले कोकम' अशी, तसाच हा प्रकार. ती चिठ्ठी खिशात घालून सून नागपूरला गेली तर तिथे चिठ्ठी आहे, पण फडताळ नाही! पुतण्याने पहिल्या दौऱ्यात लॅपटॉप उघडला तेव्हा गाण्याचा सगळा आराखडा पडद्यावर रंगीत पट्ट्यांनी दिसत होता आणि आवाज मात्र शून्य. यंत्र नम्रपणे विचारत होते, की सांगितलेल्या जागी वस्तू सापडत नाहीत, त्या कुठे आहेत?

ह्यावर उपाय आहेत. एबलटन लाइव्हसारख्या सॉफ्टवेअरमध्ये सर्व ध्वनींचे तुकडे एका पेटाऱ्यात गोळा करून जतन करण्याची सोय असते. घुमारा देणारी, सूर बदलणारी जी छोटी यंत्रे, ज्यांना प्लगिन म्हणतात, ती दोन्हीकडे नसतील तर तो ट्रॅक 'गोठवता' येतो. मग तो कुठेही वाजतो, पण वितळवल्याखेरीज त्याच्या पोटात हात घालता येत नाही. पेटारा जड होतो ही एक अडचण. सेकंदाला ४८,००० नोंदी आणि प्रत्येक नोंद २४ बिटांची, अशा एका ट्रॅकच्या एका मिनिटाला साडेआठ मेगाबाइटांहून अधिक जागा लागते. पाच मिनिटांच्या गाण्यात असे वीस ट्रॅक असले की साडेआठशेच्या वर. तरी हा हमालीचा प्रश्न झाला, आणि हमालीचे प्रश्न पैशाने सुटतात.

न सुटणारा प्रश्न पुढेच आहे. घरच्या प्रतीत बदल झाला आणि प्रवासातल्या प्रतीतही झाला. आता खरी कोणती?

यंत्रांपाशी ह्याचे एक तयार उत्तर आहे: जिची तारीख नंतरची ती खरी. दोन संगणकांतल्या फाइली परस्पर सारख्या ठेवणाऱ्या कित्येक सोयी ह्याच नियमाने चालतात. नंतरची प्रत आधीच्या प्रतीवर जाऊन बसते, आणि खाली काय होते ते खालीच राहते. काही सोयी थोड्या सभ्य. ड्रॉपबॉक्ससारखी सेवा, दोन्हीकडे एकाच वेळी बदल झालेले दिसले तर दोन्ही प्रती ठेवते आणि एकीच्या नावात भांडण असल्याचा शिक्का मारते. पुतण्या त्या प्रतीला 'विवादी प्रत' म्हणतो. मला हा शब्द फार आवडला. रागात जो स्वर बसत नाही तो विवादी. तरी जाणता गवई कधी कधी तो हळूच लावतो आणि त्यानेच रागाचे रूप खुलते. यंत्राने निदान भांडण झाले एवढे तरी कबूल केले!

परंतु 'नंतरचे ते खरे' हा नियम केवळ यंत्रांचा नाही. तो आपलाही होऊन बसला आहे, म्हणून मी ह्या घरगुती गोष्टीला दिवाळी अंकाची पाने मागतो आहे. कायद्यात शेवटचे मृत्युपत्र आधीच्यांना रद्द करते. आम्हा कादंबरी लिहिणाऱ्यांचा धंदाच ह्या समजुतीवर चालतो, की दुसरा खर्डा पहिल्यापेक्षा बरा. माणसे सहज म्हणतात, 'मी आता तसा राहिलो नाही', आणि त्या 'आता'ला केवळ तो शेवटचा म्हणून मान देतात. पण मृत्युपत्राच्या बाबतीतसुद्धा कायदा नुसती तारीख पाहून थांबत नाही. लिहिणारा भानावर होता काय, त्याच्यावर कोणाचा दाब होता काय, हे तो विचारतो. यंत्र एवढेही विचारत नाही. लॉजच्या खोलीत पहाटे तीन वाजता, अर्धवट झोपेत केलेला बदल आणि घरी चार दिवस विचार करून केलेला बदल ह्यांत त्याला एकच भेद दिसतो. घड्याळाचा.

एक मूळ आणि अनेक प्रती हा घोळ आमच्या ह्या किनाऱ्याला नवा नाही. नालासोपाऱ्याचे सोपारे म्हणजे प्राचीन शूर्पारक. तिथे १८८२ साली भगवानलाल इंद्रजी ह्यांना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला, आणि १९५६ साली जवळच्या भुईगावला नवव्या लेखाचा. ह्या लेखांची गंमत अशी, की ते एकाच ठिकाणी नाहीत. गिरनारला तेच, ओडिशात धौलीला तेच, आज पाकिस्तानात असलेल्या शाहबाजगढीला तेच. मजकूर राजधानीतून निघाला आणि दूरदूरच्या खडकांवर उतरला. तिथे खरोष्ठी लिपी, इथे ब्राह्मी. बोलीही ठिकठिकाणी थोडी वेगळी. सोपाऱ्याचा तो आठवा लेख तर प्रवासाबद्दलच आहे: पूर्वीचे राजे मृगयेला आणि मौजेला निघत, आपण धर्मयात्रेला निघू लागलो, असे राजा त्यात सांगतो. आणि चौदाव्या लेखात त्याने जे म्हटले आहे त्यासाठी मी त्याला मनोमन नमस्कार करतो. त्याचा आशय असा: राज्य मोठे आहे, सगळे सगळीकडे लिहिलेले नाही, कुठे थोडक्यात आहे, कुठे विस्ताराने, गोडीमुळे काही पुनःपुन्हा आले आहे, आणि कुठे काही अपुरे राहिले असेल तर ते जागेमुळे, कारणामुळे किंवा लिहिणाऱ्याच्या चुकीमुळे. बावीसशे वर्षांपूर्वी एका सम्राटाने आपल्या प्रती एकमेकींशी जुळत नाहीत हे दगडावर कोरून ठेवले!

तेवढ्यावर मात्र त्याला सोडता येत नाही. कलिंगच्या युद्धात लाखो माणसांची जी दुर्दशा झाली तिचा पश्चात्ताप राजाने तेराव्या लेखात सांगितला आहे. तो लेख गिरनारला आहे, शाहबाजगढीला आहे. धौली आणि जौगढ ही ठिकाणे खुद्द कलिंगातली. तिथे तो नाही. त्याच्याऐवजी तिथल्या लोकांसाठी वेगळे लेख कोरले आहेत. ज्यांचे घर जळले त्यांना पुन्हा आगीची आठवण कशाला, असा कनवाळू विचार त्यामागे असेल. किंवा जिंकलेल्या प्रजेपुढे राजाने हळवे होऊ नये, असा राजकारणी विचार असेल. काही असो. जुळत नसलेल्या प्रतींतला तो मोकळा खडक मला त्या सगळ्या लेखांहून अधिक बोलका वाटतो, आणि तो बोलतो तोही बाकीच्या प्रती टिकल्या म्हणून. नंतरचा लेख आधीच्यावर जाऊन बसण्याची सोय तेव्हा असती तर आपल्याला काहीच कळले नसते.

दुसरे टोक पैठणचे. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, म्हणजे इसवी सन १२९० ची. पुढची तीनशे वर्षे ती हातांनी उतरवली गेली आणि पाठभेदांनी भरली. एकनाथमहाराजांनी शके १५०६ मध्ये, १५८४ साली, ती शुद्ध केली. आणि शेवटी बजावून ठेवले, की ह्यात कोणी आपली ओवी घातली तर अमृताच्या ताटात करवंटी ठेवल्यासारखे होईल. स्वतः एवढा मोठा कवी. ओव्या त्याच्या बोटांतून पाझरत. पण त्याने आपली ओवी आत जाऊ दिली नाही. नंतरच्याने आधीच्यापुढे नमावे ह्याचे ह्याहून सुंदर उदाहरण मला ठाऊक नाही. तरीही त्याने निवडलेला पाठ तोच मूळ, हे सर्वांनी मानले असे नाही. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे ह्यांनी १९०९ साली एक प्रत एकनाथपूर्व म्हणून छापली आणि पंडितांचा वाद पेटला. शुद्ध करणाऱ्याने बाजूला ठेवलेल्या पोथ्या आज आपल्यापुढे असत्या, तर तो वाद अधिक सुखाने घालता आला असता.

गाण्याच्या प्रांतात हेच काम विष्णु नारायण भातखंडे ह्यांनी केले. घराण्याघराण्यांतून उस्तादांच्या गळ्यात, कुलूपबंद असलेल्या शेकडो चिजा त्यांनी मिळवल्या आणि 'क्रमिक पुस्तक मालिके'च्या सहा भागांत स्वरलिपीसह छापल्या. उपकार केवढे! ज्याचा बाप गवई नाही त्यालाही गाणे शिकता येऊ लागले. पण ह्या प्रती आमच्याकडच्या चिजेशी जुळत नाहीत, अशी तक्रार घराण्यांतून झाली. आणि पुस्तकावरून शिकलेल्या पिढ्यांना छापलेले तेच मूळ वाटू लागले. उत्सवमूर्ती गाभाऱ्यात जाऊन बसली म्हणा ना. त्यात भातखंड्यांचा दोष मी पाहत नाही. प्रवासाला निघालेली वस्तू हलकीच असावी लागते. ती परत येऊन कोणापुढे उभी राहते, एवढाच प्रश्न असतो.

आता आमच्या घरातली गोष्ट सांगण्यावाचून गत्यंतर नाही. माझी आई हळदीची गाणी म्हणत असे. गावात कुणाकडे मांडव पडला की तिला बोलावणे यायचेच. ती गेली गेल्या पावसाळ्यात. त्याआधी दोन वर्षे, एका रात्री पुतण्याने तिला ओटीवर बसवून तिची गाणी ध्वनिमुद्रित केली होती. आवाजासाठी पंखा बंद केलेला, म्हणून ती मधूनमधून पदराने वारा घेते तो सळसळाट त्यात आहे. मागे समुद्र आहे. एका गाण्यात तिला ओळ आठवत नाही. ती नुसती गुणगुणते, आणि ओळ सापडली की लहान मुलीसारखी हसते. दुसऱ्या एका गाण्याच्या मधोमध ती थांबून वहिनींना विचारते, 'अगं, गॅस बंद केलास का?' आणि उत्तराची वाट न पाहता पुढचे कडवे धरते.

हे सगळे घरच्या संगणकात होते. त्याची एक प्रत घेऊन पुतण्या दौऱ्यावर गेला, आणि नागपूरच्या लॉजमध्ये कार्यक्रमांच्या मधल्या दोन दिवसांत कानाला यंत्र लावून त्याने त्या गाण्याचे सोने केले. समुद्र काढला, सळसळ काढली. आईचा सूर कुठे कुठे घसरत होता तो पेटीच्या पट्टीशी जुळवला. विसरलेल्या ओळीची जागा दुसऱ्या कडव्यातल्या तुकड्याने भरली. गॅस अर्थातच गेला. खाली ढोलकी आणि सनई घातली. मी ते ऐकले आहे. ते खरोखर सुंदर आहे. आता आमच्या बाजूच्या हळदींत ते वाजते आणि तरण्या पोरी त्यावर नाचतात. आईला ते फार आवडले असते.

परतल्यावर त्याने दोन्ही यंत्रे जोडली. यंत्राने विचारले, की दोन प्रती वेगळ्या आहेत, नवी ठेवू काय? हे असे विचारले गेले हे नशीब. तो उठून माझ्याकडे आला. "काका, तुम्ही सांगा. जागा पुरत नाही, दोन्ही ठेवायच्या तर दुसरं काहीतरी काढावं लागेल. पण खरी कोणती?"

घरात सभा भरली. दादा म्हणाला, आई जशी गायली तशी ती खरी. वहिनी म्हणाल्या, "आईंना स्वच्छ आवडायचं, ताट मांडलं तरी कडा पुसून घ्यायच्या. हीच ठेव, नवी." मग पुतण्याने घरची प्रत लावली. 'गॅस बंद केलास का' आले आणि वहिनी उठून आत गेल्या. तो प्रश्न अख्ख्या जगात त्यांनाच विचारलेला होता.

मी शिक्षक आहे, म्हणून मला निकाल द्यावा लागतो. मी म्हटले, घरची ती मूळ. पण जुनी म्हणून नाही. तारखेवरून नवीला मान देणे चूक असेल तर तारखेवरून जुनीला देणेही चूकच. माझी कसोटी निराळी आहे: कोणत्या प्रतीपासून दुसरी करता येते? घरच्या प्रतीतून नागपूरची प्रत पुन्हा करता येईल. दोन दिवस लागतील, सनई कदाचित जास्त बरी साधेल. नागपूरच्या प्रतीतून घरची कधीच करता येणार नाही. समुद्र आमच्या दारात आहे, हवा तेव्हा मुद्रित करून खाली घालता येईल. पण तो त्या रात्रीचा समुद्र असणार नाही, आणि ते हसू तर कुठूनच आणता येणार नाही. जिच्यापासून दुसरी होते आणि जी दुसरीपासून होत नाही, ती गाभाऱ्यात. दुसरीने खुशाल पालखीत बसावे, गुलाल खावा, नाचावे.

ह्या कसोटीला एक भोक आहे, आणि ते दादाने लगेच दाखवले. आई तरी कुठे एकसारखी गायची? प्रत्येक मांडवात नवरीचे नाव बदले, मामाचे गाव बदले. रंगात आली तर चार कडवी वाढत, दमली तर गळत. ती रात्र म्हणजे तिच्या शेकडो रात्रींपैकी एक. तीच मूळ कशी? ह्यावर माझ्यापाशी उत्तर नाही. एवढेच म्हणता येते, की ती प्रत्येक वेळी बदलत होती ते सर्वांदेखत. समोर नवरी होती, मामा होता. काय बदलले आणि कशासाठी, ते मांडवातल्या प्रत्येकाला कळत होते. रात्री लॉजमध्ये झालेला बदल कोणाला कळला? करणाऱ्यालाही वर्षभराने तो आठवणार नाही.

आणि सगळेच जपून ठेवावे, असेही मी म्हणत नाही. पुतण्याच्या संगणकात एकाच गाण्याच्या 'अंतिम', 'अंतिम दोन', 'आता अंतिम' आणि 'खरोखर अंतिम' अशा प्रती मी डोळ्यांनी पाहिल्या आहेत. कृपणाच्या घरात धान्य किडते तशा त्या किडत पडल्या होत्या. कोणतीत काय आहे हे त्याला स्वतःला सांगता येईना. मुलांच्या वह्या तपासताना माझा एक नियम असतो: चुकलेले खोडा, पण खाली काय होते ते वाचता येईल असे खोडा. रबराने घासून कागदाला भोक पाडणाऱ्या मुलाचे अर्धे गुण मी कापतो, उत्तर बरोबर असले तरी. ह्यावर पालकांशी माझी भांडणे झाली आहेत आणि होत राहतील.

आईची घरची प्रत आता तीन ठिकाणी आहे: संगणकात, दादाच्या कपाटातल्या एका हार्ड डिस्कवर आणि वसईला माझ्या बहिणीकडे. पेटाऱ्यात सगळे तुकडे गोळा करून ठेवले आहेत, काहीही गोठवलेले नाही. पुतण्या दौऱ्यावर नेतो ती प्रत वेगळ्या नावाची असते. संगणकाशेजारी मी त्याला शाळेतली एक शंभर पानी वही आणून दिली आहे. तीत तो लिहितो: तारीख, गाव, काय बदलले, का बदलले. परवा मी चाळली. नागपूरच्या पानावर सगळे यंत्रांचे आकडे होते, मला न कळणारे. आणि त्यांच्याखाली पेन्सिलीने, बहुधा परत आल्यावर, एक नोंद केलेली होती: 'तिसरे गाणे, दोन मिनिटे दहा सेकंद, आजी आईशी बोलते, इथे काढले आहे.'